मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपला नवीन वायफाय कार्ड दिसतच नाही

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, रामबागेतला. बाबांचा २०१२ चा डेस्कटॉप आहे. एच६१ मदरबोर्ड, इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय५ प्रोसेसर. मागे एसएसडी टाकल्यापासून छान पळतोय, त्यामुळे बदलायचा नाही. आत जुनं ५४ एमबीपीएसचं पीसीआय कार्ड आहे. इंटरनेटची लाइन १०० एमबीपीएसची, पण बाबांच्या टेबलावर १५ च्या वर जात नाही. नातवाचा व्हिडिओ कॉल आला की चित्र थिजतं आणि शिव्या मला बसतात.

परवा जेल रोडच्या एका दुकानात "भिया, वायफाय सिक्स है, लगा लो" म्हणून इंटेलचं एएक्स २०१ दिलं, सोबत पीसीआय एक्सप्रेसचं अडॅप्टर. बसलं नीट, पण विंडोज १० ला पत्ताच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साधं पिवळं चिन्हसुद्धा नाही. स्लॉट खराब म्हणावा, तर त्यातच शेजाऱ्यांचं लॅन कार्ड लगेच चाललं. दुकानदार म्हणतो, बोर्ड म्हातारा झालाय. परत घेत नाही. खरंच बोर्डाचा दोष आहे का? नाहीतर कोणतं कार्ड घेऊ?

जुनालोखंडवाला: बोर्ड बिचारा निर्दोष आहे. एएक्स २०१ हे अर्धंच कार्ड. उरलेलं काम इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये (बोर्डावरच्या मुख्य चिपमध्ये) होतं, त्याला सीएनव्हीआय म्हणतात. दिसायला एएक्स २०० सारखंच, म्हणून भले भले फसतात. एएक्स २०० किंवा २१० घ्या, अडॅप्टर तेच चालेल. विंडोज ६४ बिटचीच हवी. २१० चा ६ गिगाहर्ट्‌झ बँड विंडोज १० वर मिळत नाही, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. ब्लूटूथ हवं असेल तर अडॅप्टरची छोटी वायर बोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरला लावावी लागते. ती बहुतेक जण विसरतात.

नारायणबागेतली ताई: दादा, आधी फुकटची परीक्षा करा. मोबाइल बाबांच्या टेबलावर ठेवून ५ गिगाहर्ट्‌झवर स्पीड बघा. तुमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती जाड, त्यात ५ चा सिग्नल लवकर मरतो. मोबाइललाच मिळत नसेल तर कार्ड काय करणार? मग सरळ लॅनची वायर ओढा, काम कायमचं होईल.

मूळ धागाकर्ता: ताई, केली. टेबलावर ८०, पण कॅबिनेटच्या मागे, जिथे अँटेना येतो तिथे, जेमतेम ३०. पत्रा आणि भिंत, दोन्ही आडवे येतात.

जुनालोखंडवाला: मग कार्डाबरोबर वायरवाला, चुंबकाच्या बैठकीचा अँटेना घ्या आणि तो टेबलावर ठेवा.

मूळ धागाकर्ता: विंडोज ६४ बिटचीच निघाली. शनिवारी एएक्स २०० आणतो, या वेळी नंबर कागदावर लिहून. तोवर कुणाकडे नवा इंटेल बोर्ड असेल तर सांगा, एक कोरं एएक्स २०१ पडून आहे.