लेकरांसोबत मोठ्या हॉटेलात जायचं तर दुपारी जा

दोन आणि चार वर्षांची मुलं घेऊन छत्रपती संभाजीनगरला येताय आणि एकदा तरी चांगल्या मोठ्या हॉटेलात जेवायचंय, असं लिहिलंत. जरूर जा, पण अजिंठ्याच्या दिवशी रात्री नको. जाऊन-येऊन 200 किलोमीटर होतात, मुलं पेंगुळतात, आणि अशा हॉटेलांत रात्रीचं जेवण बऱ्याचदा साडेसातनंतरच सुरू होतं. त्यापेक्षा वेरूळचा दिवस धरा, एका बाजूचं अंतर 30 किलोमीटर. सकाळी लवकर कैलास लेणं बघून दुपारी निवांत जेवता येतं. (वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.)

टेबल सांगतानाच विचारा: मुलांची उंच खुर्ची आहे का, बाहेर हिरवळीवर बसता येईल का. बुफे असेल तर डोळे झाकून तेच घ्या, भुकेल्या लेकराला लगेच भरवता येतं.

आणि "तिखट कमी" एवढंच सांगू नका हो! आपल्याकडचं कमी तिखटसुद्धा लेकरांना झोंबतं. "मिरची अजिबात नको, तूप-जिऱ्याची फोडणी द्या," असं स्पष्ट सांगा. नान-कलिया (नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा) मात्र तुम्ही नक्की खा. मुलांना त्यातला नुसता नान दह्यासोबत द्या.