पप्पा गेल्यानंतरचं पहिलं ईस्टर, पेटी वाजवायला सांगितलंय, काय करू?

पेटीवाली:
जय ख्रिस्त सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

नोव्हेंबरमध्ये आमचे पप्पा गेले. आम्ही मूळचे नगरचे (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं). पप्पा मंडळीत पेटी वाजवायचे, मला कळायला लागल्यापासून तेच वाजवत होते, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तर त्यांना पुस्तक न उघडता यायची. आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे कबरस्थानात उपासना असते, अंधारातच पेटी रिक्षात घालून न्यायची, मी मांडीवर धरून बसायची आणि पप्पा दर खड्ड्याला म्हणायचे सांभाळ गं. यंदा पाळकसाहेबांचा फोन आला की तू वाजव, तुला येतं, पप्पांना आनंद होईल. मी हो म्हणून बसले. पण तिथेच पप्पांची कबर आहे ना, अजून नुसती मातीच आहे, माती बसली की फरशी घालायची ठरलंय, आणि त्याच्या शेजारी बसून 'प्रभू उठला' कसं म्हणू मी?? पुनरुत्थान खोटं वाटतं असं नाही. पण आनंद येत नाही. त्यात जो भेटतो तो म्हणतो रडू नका, ते प्रभूजवळ आहेत. मला माहितीये हो ते प्रभूजवळ आहेत, माझ्याजवळ नाहीयेत ना. कोणी यातनं गेलंय का?

प्रार्थनावीर:
ताई असा शोक करणं म्हणजे विश्वास कमी पडतोय. १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ वाचा आणि एक दिवस उपास करून प्रार्थना करा. सैतान अशाच वेळी दार शोधतो. आमेन.

निवृत्त_मास्तर:
प्रार्थनावीर, राग मानू नका पण ते वचन नीट वाचा. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका असं पौल म्हणतो, खेदच करू नका असं कुठे म्हणतो? आणि योहान ११ मध्ये मेलेला लाजर थोड्या वेळात जिवंत होऊन कबरेतून बाहेर येणार हे येशूला माहीत होतं तरी तो रडला. त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचं का?

पोरी, तू स्तोत्र ८८ वाच. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे एक वळतच नाही, अंधारातच संपतं. आमची ही गेली तेव्हा मी वर्षभर तेवढंच वाचत होतो, दुसरं काही घशाखाली उतरत नव्हतं. आणि आनंदाचं म्हणशील तर मार्क १६:८ बघ, कबरेवर गेलेल्या बाया थरथरत पळाल्या आणि भीतीने कोणाला काही बोलल्या नाहीत. मरीया मग्दालीया तर रडतच उभी होती, समोर प्रभू उभा आणि हिला वाटलं माळी आहे. पहिल्या ईस्टरला टाळ्या वाजवत कोणीही गेलेलं नव्हतं. तू रडत गेलीस तर त्या बायांच्याच रांगेत असशील. आपल्यात हल्ली सगळं हसऱ्या चेहऱ्याने करायची सवय लागलीये ती मला स्वतःला आवडत नाही, असो.

आणि टिळकांचं नाव काढलंस म्हणून, ते १९१९ ला गेले तेव्हा ख्रिस्तायन, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं काव्य, अर्धवटच होतं. पुढचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं, पण ते काही पहिल्याच वर्षी नाही. घाई करू नकोस.

वसईची_पोर:
मी कॅथलिक आहे त्यामुळे आमच्याकडे जरा वेगळं आहे, आम्ही गेलेल्यांसाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) देतो, तुमच्यात ते नाही माहितीये. पण मम्मी गेली त्या वर्षी माझंही हेच झालेलं. २ नोव्हेंबरला सगळी आळी सिमेटरीत, प्रत्येक कबरीवर फुलं मेणबत्त्या, मी लांब गेटवरच उभी राहिले. मग ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले सगळे दिवे बंद केले आणि बाहेर पेटवलेल्या आगीवरून मोठी मेणबत्ती लावून आत आणली. आणि शेजारच्या काकूने न विचारताच तिच्या मेणबत्तीवरून माझी लावली. मला गाता आलं नाही, मी नुसती मेणबत्ती धरून उभी होते, तेवढंच जमलं आणि कोणी काही बोललं नाही. तू पण पाळकांना सरळ सांग ना की मी येईन पण वाजवणार नाही. चिडणार नाहीत गं.

दौंडकर:
यंदा, २०२६ ला, ईस्टर ५ एप्रिलला आहे. १९२२ साली याच तारखेला पंडिता रमाबाई गेल्या, आमच्या जवळ केडगावला. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा, पदरात तान्ही मनोरमा. आणि १९२१ ला ती मनोरमाही गेली, जिच्यावर मुक्ती मिशनची, म्हणजे बाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या आश्रमाची, पुढची सगळी भिस्त होती. त्यानंतर बाईंनी काय केलं तर बायबलच्या मराठी भाषांतराचं उरलेलं काम पुरं केलं. मला लोक हे उदाहरण द्यायचे तेव्हा वैताग यायचा, आपण काय रमाबाई आहोत का. पण आता वाटतं की त्या दुःखातून 'बाहेर' वगैरे आल्या नसतील, दुःख तिथेच आणि हातातलं कामही तिथेच. तुमच्या हातात पेटी आहे. वाजवायचीच असं नाही म्हणत, पण निदान उघडून तरी बघा.

पेटीवाली:
सगळ्यांचे आभार, मास्तर तुमचं दोनदा वाचलं आणि आईलाही वाचून दाखवलं. प्रार्थनावीर, तुमच्यावर राग नाही.

पाळकसाहेबांना फोन केला, ते म्हणाले दुसऱ्या मुलाला तयार ठेवतो, तू फक्त ये आणि वाटलं तर शेवटचं एक भजन वाजव. काल रात्री पेटी उघडली. नोव्हेंबरपासून बंद होती, भाता ठीक आहे पण मधल्या सा ची पट्टी दाबली की वर येतच नाही, नुसता तो एकच सूर लागून राहतो. आई आतून ओरडली, अगं हे तसंच आहे, ते करंगळीने उचलायचे. उद्या दुरुस्तीला देऊ की तशीच ठेवू, ते अजून ठरत नाहीये.