अनुभव धागा: आपल्या मुलांसाठी घराजवळ मिळालेली मदत

माझा मुलगा ६ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. निदान मुंबईत झालं. यांच्या बदलीमुळे आता कोकणात, तालुक्याच्या गावी आहोत. इथे ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) नाही, स्पीच थेरपी नाही. पहिला महिना मी नुसती रडले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अंगणवाडीताईंना भेटलीस का?" भेटले. तेव्हा कळलं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्या-शाळांत येऊन मुलं तपासतं आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत पाठवतं. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा धागा. तुमच्या गावात, वॉर्डात काय मिळालं, कुणी मिळवून दिलं, कुठे अडलं ते लिहा. चालत किंवा एसटीने जाता येईल असं काही हवंय.

माझ्यापासून सुरुवात करते. दिव्यांग प्रमाणपत्र देणारा डॉक्टरांचा बोर्ड आठवड्यातून एकच दिवस बसायचा. सकाळी ८ ला गेलो, नंबर लागला दुपारी २ ला. तोवर हा पंख्याच्या आवाजाने कान दाबून बाकाखाली जाऊन बसला होता. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "नाव सांग बाळा." एवढ्यात काय कळणार? दुसऱ्या खेपेला मी वही नेली. आठ दिवसांच्या नोंदी: हाकेला किती वेळा वळला, काय खाल्लं, केस कापताना काय झालं. इसा ही ऑटिझमची आपली भारतीय चाचणी ४० मुद्द्यांची आहे. मानसतज्ज्ञ बाईंनी वही शेजारी उघडी ठेवूनच ती भरली. वही न्याच.

~

आईच्या सांगण्यावरून लिहितोय. पुतणी ४ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. भाऊ-वहिनी ऊसतोडीला जातात, तेव्हा ती आईपाशी असते. डीईआयसीत फिजिओथेरपी फुकट आहे, पण एक एसटी, पुढं रिक्षा, अख्खा दिवस जायचा आणि आईची मजुरी बुडायची. फिजिओ मॅडमनी ते ओळखलं. "महिन्यातून दोनदाच या, बाकीचं मी आजींना शिकवते," म्हणाल्या, आणि शिकवलं. मग त्यांनी कोपऱ्याच्या खुर्चीचं चित्र काढून मापं लिहून दिली. गावातल्या सुतारानं उरलेल्या फळ्यांतून ती केली: पाठीमागं दोन फळ्या काटकोनात, पोर पुढं घसरू नये म्हणून पायांमध्ये खुंटी, समोर ताट ठेवायला आडवी फळी. आईनं जुन्या गोधडीचं अस्तर लावलं. आधी भरवताना एक हात तिची मान धरण्यात गुंतायचा. आता ती भाकरीचा तुकडा स्वतः धरते. सुतारानं पैसे घेतले नाहीत. शेजारच्या वाडीतल्या पोरासाठी दुसरी खुर्ची करायला घेतलीय त्यानं.

~

निरामय या आरोग्य विम्याबद्दल. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी आहे, १ लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. नॅशनल ट्रस्ट (हा विमा चालवणारी केंद्र सरकारची संस्था) कडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज केला. पैसे आधी आपण भरायचे, मग परत मिळतात. थेरपीच्या पावतीवर प्रत्येक दिवसाची तारीख घालून घ्या. मी महिन्याची एकच पावती घेत राहिलो आणि नंतर सगळे कागद पुन्हा गोळा करत बसलो.

~

मी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतली विशेष शिक्षिका आहे. पालकांना कळकळीने सांगते, मुलाचं नाव शाळेच्या पटावर असू द्या. ज्याला शाळेत येणंच शक्य नाही त्याला घरी जाऊन शिकवायची सोय आहे, पण नावच नसेल तर मला ते मूल कळणार कसं? माझ्याकडे शाळा खूप, त्यामुळे एका घरी सारखं जाणं होत नाही. म्हणून शिकवताना मी आईला किंवा मोठ्या बहिणीला शेजारी बसवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. "आमच्याकडे जमणार नाही" असं कुणी तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा. अर्जाची पोच घ्या आणि शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात या.

~

आम्ही कॅलिफोर्नियात असतो. १९६९ च्या लँटरमन कायद्यामुळे इथे आपल्यासारख्या मुलांना सेवा मिळवून देणारी रीजनल सेंटर्स आहेत, आता २१. मूल त्यांच्या निकषात बसलं की एक सर्व्हिस कोऑर्डिनेटर मिळते आणि ती आपल्याबरोबर बसून योजना लिहिते. त्यात रेस्पिट असतो, म्हणजे काही तास मुलाला सांभाळायला माणूस येतं. दीड वर्ष मी तो मागितलाच नाही. आपलं मूल परक्याकडे सोपवायचं याची लाज वाटायची, सासूबाईंनाही आवडलं नसतं. शेवटी एका तेलुगू मैत्रिणीनं शेजारी बसून मला विनंती लिहायला लावली. आता शनिवारी चार तास एक बाई येतात. मी थोरलीला घेऊन लायब्ररीत जाते. तिच्या वाट्याला मी एकटी अशी येतच नव्हते. सासूबाई त्या बाईंना पोहे करून देतात.

~

माझा मुलगा १९ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. १८ पूर्ण झाल्यावर बँकेत अडलं: सही त्याचीच हवी. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडून कायदेशीर पालकत्व घेतलं. सतरावं संपायच्या आत कागद जमवायला लागा.

~

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मी ग्रामसभेत उठून विचारलं. उठताना पाय कापत होते. सरपंचांनी यादी करायला सांगितली, तर अशी सहा मुलं निघाली. गावाला दोनच माहीत होती. एक मुलगी तर आमच्याच आळीतली, दार लावून ठेवलेली. त्या पैशातून चटया, चेंडू, एक मोठा आरसा आला. दर गुरुवारी आम्ही सगळ्या आया समाजमंदिराच्या खोलीत जमतो. दार लावलेल्या घरची ती मुलगी तिसऱ्या गुरुवारी आली. ती आरशासमोरच बसते.

~

ताई, तुमचं वाचून आज अंगणवाडीताईंकडे गेले होते. दुपारी १ नंतर खोली रिकामी असते. वरच्या मॅडमना विचारून किल्ली देते म्हणाल्या. आमच्याकडे आत्ता तीन मुलं आहेत. आरसा किती मोठा घेतलात, आणि जमिनीपासून किती उंचीवर लावलात?