पाय धरले की कर्क्युमिन? हा सल्ला थांबवा

घाटवाट: सातारा हिल मॅरेथॉननंतर मांड्या धरल्या, तर एकाने सरसकट सगळ्यांना सांगितलं, ‘कर्क्युमिनची, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाची, गोळी घ्या, तीन दिवसांत मोकळे.’ अहो, हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जाऊन आपोआपच उतरतं! यवतेश्वर घाटाच्या उतारावर स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, म्हणून धरतो. श्रेय गोळीला कशाला?

पहाटे_पाच: मी घेते, म्हणून बोलते. गेल्या वर्षी कठडा धरून जिना उलटा उतरत होते, यंदा सरळ उतरले. चाचण्यांतही दुखणं कमी झालेलं दिसलंय.

घाटवाट: थोडं कमी, तेही मोजक्या लोकांवरच्या चाचण्यांत. आणि स्नायूंना एकदा उताराची सवय झाली की पुढच्या वेळी कमीच धरतात. ते धरलंत का हिशेबात?

सांगलीकर: गोळ्या हव्यातच कशाला? आमची राजापुरी हळद दुधातून घ्या. अमेरिकेने 1995 साली हळदीचं पेटंट दिलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने भांडून 1997 मध्ये रद्द करून घेतलं. ते काय महागड्या डब्या विकत घ्यायला?

घाटवाट: ते पेटंट जखमेवरच्या हळदीचं. मांड्यांचा काय संबंध?

पहाटे_पाच: हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के, तेही अंगी लागत नाही. दुधाने काय होणार?

सांगलीकर: मिरी घाला. बंगळुरूच्या 1998 च्या अभ्यासात मिरीतल्या पिपेरिनने कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढलं होतं. आम्ही हळदीसाठी नऊ महिने रान अडकवा, काढा, शिजवा, वाळवा, पॉलिश करा, आणि भाव ठरवणार व्यापारी! मलई डबीवाल्याला.

पहाटे_पाच: भावाचा धागा वेगळा काढा. पिवळेपणासाठी हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा विषारी रंग, मिसळतात, त्याचं बोला.

सांगलीकर: शेतकऱ्याला बोल लावू नका! अख्खं हळकुंड घ्या, फोडून बघा, घरी दळा. भेसळ पुढे होते.

औषधवाली: भांडण बाजूला ठेवा. मिरीच्या अर्काने शोषण वाढवलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली की गोळी बंद आणि थेट दवाखाना.

पहाटे_पाच: हे माझ्या डबीवर नाही. बरं, रोज नको, शर्यतीच्या आठवड्यापुरती घेईन. सोडणार मात्र नाही.

घाटवाट: घ्या. पण नव्या पोरांना गोळीआधी उताराचा सराव सांगा.

सांगलीकर: आणि भावाचा धागा मी काढतोय. तिथे या सगळे.