ओपन सोर्स साधनं निवडताना आणि बदलताना आलेले अनुभव

खिळेजुळारी, गिरगाव

डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायच्या कामात मला बावीस वर्षं झाली. सुरुवातीपासून एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर, डोंगल, म्हणजे मशीनला जोडायची किल्ली, लावल्याशिवाय उघडायचं नाही. दोन वर्षांपूर्वी डोंगल बंद पडला, नवा मिळेना. एका दिवाळी अंकाच्या अकरा वर्षांच्या फायली माझ्याकडे, आणि दुसऱ्या मशीनवर उघडल्या तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. त्या फाँटांत खरं मराठी नसतंच, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात.

हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच राहील अशा सर्वमान्य पद्धतीत आणताना पहिल्या वेलांटीने रडवलं. जुन्या फाँटात ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. साध्या अक्षराला कन्व्हर्टर निभावून नेतो, पण ‘स्थिती’ आला की वेलांटी भलत्याच जागी अडकते. ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो तो वेगळाच. डोळ्यांत तेल घालून एकेक पान वाचलं, अख्खा पावसाळा त्यात गेला.

आता स्क्रायबस वापरते. पानं लावायचंच सॉफ्टवेअर, पण ओपन सोर्स, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणालाही बघता, वापरता, बदलता येतो. १.५.३ आवृत्तीपासून त्यात जोडाक्षरं नीट जुळतात. फाँट मुक्ता, आपल्या मुंबईच्याच एक टाइपने केलेला आणि खुल्या परवान्यावर मिळणारा. नवीन काही घेताना आता आधी हेच विचारते: हे उद्या नसलं तर माझा मजकूर माझ्या हातात राहील का?

तुम्ही कसं निवडता? बदल अंगावर आला तेव्हा काय केलंत? सविस्तर लिहा.

विरार फास्ट

ताई, प्रश्न बरोबर आहे, पण तेवढ्याने भागत नाही. आम्ही ऑफिसचे चौदा सर्व्हर सेंटओएस ८ या लिनक्स सिस्टिमवर नेले होते, २०२९ पर्यंत सपोर्ट आहे म्हणून. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तो ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. निवड माझी होती, मॅनेजरसमोर मान खाली गेली. पण सोर्स खुला असल्यामुळे पुढच्या काही महिन्यांतच तिची जागा घेणारे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. आधी एक टेस्ट सर्व्हर नेला, मग रात्री दोन-दोन करत बाकीचे अल्मावर. शेवटच्या लोकलने घरी जायचो.

आता मी बघतो ते हे: निर्णय एकट्या कंपनीच्या हातात आहे का, आणि वर्षभरात किती वेगवेगळ्या माणसांनी कोड दिलाय. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर लोकांनी पसंतीचे दिलेले तारे मोजत नाही.

भांडुपची शिक्षिका

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिब्रेऑफिस हे पत्रं, तक्ते करायचं सॉफ्टवेअर मराठीतून शिकले. दहा-दहा मिनिटांचे धडे. शाळेचे निकालपत्रक आता मीच करते.

वाचनालयवाला, पार्ले

आमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलेलं, २००० सालापासून चालू. पुस्तकांच्या नोंदी मार्क (MARC) या ग्रंथालयांच्या ठरलेल्या पद्धतीत असल्याने हव्या तेव्हा बाहेर काढता येतात. सॉफ्टवेअरने त्रास दिलाच नाही. चुकलो ते माणसांच्या बाबतीत. तीस वर्षं कार्डं सांभाळणाऱ्या काकूंना आम्ही एका सकाळी सांगितलं, ‘हे आता बंद.’ त्या बोलेनाशाच झाल्या. मग नोंदी तपासायचं काम त्यांच्याकडेच दिलं, आधीच द्यायला हवं होतं. एकाच लेखकाची तीन तऱ्हांनी पडलेली नावं त्यांनी नुसत्या आठवणीवर एक केली. कार्डांचा ड्रॉवर अजून काउंटरशेजारीच आहे, कोणी हलवणार नाही.

अनुस्वार

वाचनालयवाल्यांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराला हातभार लावते. ‘फाइल’ म्हणायचं की ‘संचिका’, यावर आम्ही रात्र रात्र वाद घातलेत. आमचं बोलणं मेलवरून टेलिग्रामवर गेलं आणि मला हे काम शिकवणारे काका मागे राहिले, त्यांच्याकडे साधा फोन. कित्येक महिने कोणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्यासुद्धा. याचं मला फार वाईट वाटतं. आता महिन्यातून एका रविवारी शब्दांची यादी छापून मुलुंडला त्यांच्याकडे जाते. ते लाल पेनाने खुणा करतात, मी घरी येऊन चढवते. परवाच्या यादीत त्यांनी माझे सतरा शब्द बदलले.