हॉर्न : कर्णा की भोंगा? आणि क्रॉसओव्हरला काय म्हणायचं?

लेखणीधर :
घरात मोठे हॉर्न लाउडस्पीकर उभे करू पाहणाऱ्यांसाठीची एक मार्गदर्शिका मराठीत आणतो आहे. वाचक हौशी आहेत, अभियंते नाहीत. मी सगळीकडे हॉर्नला ‘कर्णा’ लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक ठिकाणी ते खोडून ‘भोंगा’ केलं आणि समासात शेरा मारला : ‘कर्णा ग्रामोफोनचा. स्पीकरचा तो भोंगा.’ माझ्या कानाला भोंगा म्हणजे गिरणीचा, पाळी सुटल्याची वर्दी देणारा. घरात निवांत बसून गाणं ऐकायच्या वस्तूला तो शब्द लावायला हात धजत नाही.

दुसरी अडचण क्रॉसओव्हरबद्दलच्या एका वाक्याची. क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे भाग वेगळे करून ज्या-त्या हॉर्नकडे पाठवणारं उपकरण; हाय-पास म्हणजे ठरावीक आकड्याच्या वरचाच आवाज पुढे जाऊ देणारी त्यातली चाळणी. इंग्रजी शब्द नुसते देवनागरीत ठेवले तर ते असं होतं : ‘ॲक्टिव्ह डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये मधल्या हॉर्नला ६०० हर्ट्झवर २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास लावा आणि बास हॉर्नशी वेळ जुळेल इतका डिले द्या.’ सगळं मराठीत केलं तर असं : ‘सक्रिय अंकीय विभाजकात मध्यम कर्ण्यास ६०० हर्ट्झ वारंवारतेवर प्रतिअष्टक २४ डेसिबलचा उच्चपारक लावावा व मंद्र कर्ण्याशी कालमेळ साधेल एवढा विलंब द्यावा.’ पहिलं मराठी नाही आणि दुसरं कुणी वाचणार नाही. मधली वाट सुचवा.

शब्दवेल्हाळ :
कर्णाच. बाईंनी खोडलं तरी परत लिहा. कर्ण म्हणजे कान, आणि आवाज कानापर्यंत पोचवतो तो कर्णा. इतका सरळ शब्द हाताशी असताना शोधाशोध कशाला?

उत्तररात्र :
व्युत्पत्ती पटत नाही. फारसीत ‘करना’ किंवा ‘करनाय’ नावाचं लांबलचक पितळी वाद्य आहे, तोंडाने फुंकायचं. शिंग-कर्णे ही जोडी आपल्याकडे फौजेतून आली आहे. फौजेची शब्दसंपत्ती फारसीने किती व्यापली होती ते वेगळं सांगायला नको. कानाचा संबंध आपण मागाहून लावला.

शब्दवेल्हाळ :
फारसीत आहे म्हणून मराठीने तिथूनच घेतला असं होत नाही. ‘कर्ण’ला आकारान्त प्रत्यय लागून नाम होणं मराठीच्या स्वभावात बसतं.

तांब्याची तार :
शब्द कुठूनही येवो, वस्तूकडे बघा. ग्रामोफोनच्या कर्ण्यात वीज नव्हती. सुईने हललेल्या एवढ्याशा पडद्याचं कंपन खोलीतल्या हवेला नीट पकडता यावं एवढंच त्याचं काम. गळा अरुंद, तोंड रुंद, मधला फुलोरा हळूहळू वाढणारा. आजच्या हॉर्नचं कामही तेच आहे, फक्त सुईच्या जागी विजेने पडदा हलवणारं युनिट आलं. १९२५ साली राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी शंकूच्या पडद्याचा स्पीकर मांडला आणि घरातला हॉर्न मागे पडत गेला. चित्रपटगृहांत तो टिकला, कारण तेव्हा ॲम्प जेमतेम काही वॉटचे असत आणि हॉर्नला तेवढे पुरत. वस्तू तीच, काम तेच, मग नाव बदलायचं कारण काय? मी कर्ण्याच्या बाजूचा, पण कानामुळे नाही.

आणि लेखणीधर, ‘ड्रायव्हर’चं ‘चालक’ करू नका, हात जोडून सांगतो. ‘संपीडन चालक’ मी छापलेला पाहिला आहे. कामावरची माणसं ‘युनिट’ म्हणतात. ‘युनिट उडालं’ म्हटलं की पोराटोरांना कळतं.

मेघना :
पण बास हॉर्न कर्ण्यासारखा दिसतच नाही, त्याचं काय? हिशेब करून बघा. हॉर्नच्या तोंडाचा परीघ साधारण एका तरंगलांबीएवढा हवा. ३०० हर्ट्झला तरंगलांबी १.१५ मीटर, म्हणजे सदतीसेक सेंटिमीटर व्यासाचं तोंड पुरतं. ते घरात मावतं आणि कर्ण्यासारखं दिसतंही. ५० हर्ट्झला मात्र तरंगलांबी ६.९ मीटर, म्हणजे तोंडाचा व्यास २.२ मीटर! म्हणून तो हॉर्न लाकडी पेटीत घड्या घालून बसवतात आणि पेटी कोपऱ्यात ठेवतात. कोपऱ्यात तोंडाचं क्षेत्रफळ आठव्या हिश्शावर भागतं, कारण तिथल्या दोन भिंती आणि जमीन हॉर्नचा पुढचा भाग होतात. पॉल क्लिप्श या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात हेच केलं. समोरून दिसतं ते कपाट. त्याला कर्णा म्हटलं तर वाचक पितळी फुलोरा शोधत बसेल.

शब्दवेल्हाळ :
‘घडीचा कर्णा’ म्हणा. घडीची खुर्ची मिटली तरी खुर्चीच राहते.

उत्तररात्र :
भोंग्याची बाजू कुणीच घेत नाही म्हणून मी घेतो. ‘भों’ हा त्या वस्तूचा आवाज आहे. ध्वनीवरून पडलेलं नाव, अस्सल देशी, ना संस्कृत ना फारसी. ‘भोंगळ’शी त्याचं नातं असावं असा माझा तर्क आहे; दोन्हींत पोकळ आणि रुंद हा भाव आहे. गिरणीचा संबंध गेल्या शे-दीडशे वर्षांतला, शब्दाला तो कायमचा चिकटलेला नाही. आणि लोक आज हॉर्न स्पीकरला भोंगाच म्हणतात, हे नाकारून कसं चालेल?

काळी पाच :
लोक ज्याला भोंगा म्हणतात तो खांबावरचा. त्याचा आवाज कुणी हौसेने ऐकत नाही. ज्या हॉर्नवर गायकाचा श्वास घेतलेला कळतो, तंबोऱ्याची जवारी उलगडून ऐकू येते, त्याला तोच शब्द लावणं हा त्या वस्तूवर अन्याय आहे. शब्दाला वास असतो आणि तो धुऊन जात नाही.

लेखणीधर :
कर्णा ठेवतो, घडीच्या कर्ण्यासकट. आता क्रॉसओव्हर. ‘विभाजक’ मला कोरडा वाटतो, शिवाय तो शब्द गणितवाल्यांनी आधीच घेतलेला आहे.

शब्दवेल्हाळ :
‘स्वरविभाजक’ करा. घडवलेला शब्द सुरुवातीला कोरडाच वाटतो. महापौर, दिग्दर्शक हेही घडवलेलेच शब्द; वापरले म्हणून रुळले. तुमच्यासारखे लिहिणारेच कचरले तर शब्द रुळणार कधी?

काळी पाच :
स्वराचं विभाजन होतच नाही हो! एका स्वराचा मूळ नाद एका युनिटकडे जातो आणि त्याचेच वरचे अंश दुसऱ्याकडे. याच कारणासाठी तुमच्या वाक्यातलं ‘मंद्र कर्णा’ही मला खटकतं. मंद्र, मध्य, तार ही नावं तीन-कर्णी जोडणीला कुणीतरी सुचवणार हे दिसतंच होतं. काळी एकला गाणाऱ्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, म्हणजे त्याचा तार षड्ज २७७. तुमची वाटणीची जागा ६०० वर. त्याची तिन्ही सप्तकं, निदान त्यांचे मूळ नाद, जवळजवळ सगळी खालच्याच कर्ण्यातून येणार. वरचा कर्णा फक्त वरचे अंश वाजवतो. आवाजाचा पोत, व्यंजनं, ठेक्याची धार त्यातून येते, पण तार सप्तक नाही. ‘मंद्र कर्णा’ लिहिलंत तर गाणाऱ्या वाचकाची पुरती दिशाभूल होईल.

मेघना :
हे फार महत्त्वाचं आहे. ‘खालचा, मधला, वरचा’ लिहा, कुणाचंच बिघडत नाही.

तांब्याची तार :
क्रॉसओव्हरला माझा शब्द ‘सांधा’. रेल्वेगाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तिथे आपण सांधा म्हणतो, ‘गाडीने सांधा बदलला’ म्हणतो. इंग्रजीतही रुळांच्या त्या जागेला क्रॉसओव्हर म्हणतात. इथेही तेच घडतं : आवाज चढत चढत ६०० च्या आसपास आला की खालच्या कर्ण्यावरून मधल्यावर जातो. आणि सांधा बिघडला की खडखडाट होतो, तोही कळतो. लिंक्विट्झ-रायली पद्धतीचा २४ डेसिबलचा सांधा घेतला तर ६०० वर दोन्ही बाजू सहा-सहा डेसिबल खाली असतात आणि हवेत मिळून पातळी सपाट होते. पण हे वेळ जुळली तरच. ६०० हर्ट्झची अर्धी तरंगलांबी २९ सेंटिमीटर. एक युनिट तेवढंच मागे राहिलं की बेरजेची वजाबाकी होते आणि नेमका सांध्यावर खड्डा पडतो. बाकी सगळीकडे आवाज ठीक, तिथेच पोकळ. असा बिघडलेला सांधा मी लांबूनही ओळखतो.

शब्दवेल्हाळ :
सांधा ही जागा झाली. उपकरणाला काय म्हणणार? ‘सांधायंत्र’?

तांब्याची तार :
उपकरणाला क्रॉसओव्हर. जागेला सांधा. दोन वेगळ्या गोष्टींना दोन शब्द मिळाले तर भाषेचं नुकसान काय झालं? इंग्रजीत एकाच शब्दावर दोन्ही भागवावं लागतं.

उत्तररात्र :
‘सांधा’ म्हटलं की अर्ध्या वाचकांना गुडघा आठवेल. पण हरकत नाही, सांधा जोडतो, आणि ‘विभाजक’ तोडतो. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने जोडणं महत्त्वाचं. माझं मत सांध्याला.

मेघना :
मला ‘सक्रिय’वर बोलायचं आहे. ॲक्टिव्हला सक्रिय केलं की पॅसिव्हला ‘निष्क्रिय’ आलंच. निष्क्रिय क्रॉसओव्हरमधली गुंडाळी ॲम्पची सगळी ताकद अंगावर घेते, तापते, युनिटबरोबर भांडते. तिला निष्क्रिय म्हणायला जीभ वळत नाही. फरक जागेचा आहे : आवाजाची वाटणी ॲम्पच्या अलीकडे करायची की पलीकडे. अलीकडे केली तर प्रत्येक युनिटला स्वतंत्र ॲम्प लागतो, पलीकडे केली तर सगळ्यांत मिळून एक. ‘अलीकडचा क्रॉसओव्हर’, ‘पलीकडचा क्रॉसओव्हर’. हौशी वाचकाला तारा कुठून कुठे न्यायच्या तेही यातूनच कळेल.

तांब्याची तार :
सुंदर आहे, पण पुरत नाही. ॲम्पच्या अलीकडे नुसते कंडेन्सर आणि रेझिस्टर लावूनही वाटणी करता येते. ती अलीकडची, पण पॅसिव्हच.

मेघना :
घरी बसवणाऱ्यांत ते कितीजण करतात? अपवादासाठी एक टीप द्या. अपवादापायी शब्द टाकून देऊ नका.

शब्दवेल्हाळ :
‘क्रियाशील’ आणि ‘क्रियाहीन’ चालतील का?

मेघना :
नाही. भौतिकशास्त्र शिकवताना मुलांचा गोंधळ मी रोज बघते. शाळेच्या पुस्तकात ‘वारंवारता’, विश्वकोशात ‘कंप्रता’. फेजला ‘कला’. कला म्हणजे चित्रकला असं समजणाऱ्या मुलाला चंद्राच्या कलांपासून सुरुवात करून द्यावी लागते. एकदा कळलं की मात्र तो विसरत नाही. जिथे शब्द समजावतो तिथे तो हवा, जिथे नुसता इंग्रजी शब्दावर शालू पांघरतो तिथे नको. ‘क्रियाहीन’ काय समजावतो?

लेखणीधर :
सांधा आणि अलीकडचा क्रॉसओव्हर, दोन्ही टिपून घेतले. ‘डिले’ राहिला. ‘विलंब’ लिहिलं की काहीतरी चुकून रेंगाळलंय असं वाटतं.

तांब्याची तार :
चुकून नाही, मुद्दाम थांबवायचंय, हे वाक्यात सांगा. घडी घातलेल्या खालच्या कर्ण्यातून आवाजाची वाट समजा २.४ मीटर, मधल्या कर्ण्यातून ६० सेंटिमीटर. फरक १.८ मीटर. आवाज सेकंदाला ३४४ मीटर जातो, म्हणजे मधला ५.२ मिलिसेकंद आधी पोचतो. जो आधी पोचतो त्याला थांबवायचं. नवखे हमखास उलटं करतात, मागे पडलेल्यालाच आणखी मागे ढकलतात. म्हणून ‘मधल्या कर्ण्याला ५.२ मिलिसेकंद थांबवा’ असं क्रियापद वापरा, नाम नको. मग फीत लावून काढलेला आकडा मायक्रोफोनने तपासून घ्यायचा. आणि मार्गदर्शिकेत नसेल तर एक गोष्ट जरूर घाला : वरच्या युनिटच्या वाटेत, खालचा आवाज अडवायला, एक कंडेन्सर ठेवावा. अलीकडच्या क्रॉसओव्हरमध्ये ॲम्प आणि युनिट यांच्यात काहीच नसतं. ॲम्प चालू करताना बसलेला एक धक्का, किंवा चुकून खालच्या पट्ट्याची तार वरच्या युनिटला गेली, तर पडदा क्षणात जातो. सांधा ८०० वर असेल तर कंडेन्सर दोनशेच्या आसपास कापेल असा घ्यायचा, म्हणजे दोन ऑक्टेव्ह खाली. वर त्याची सावली पडत नाही.

काळी पाच :
दोन सप्तकं खाली.

तांब्याची तार :
तेच म्हणालो.

काळी पाच :
तेच म्हणालात, पण ‘ऑक्टेव्ह’ म्हणालात. लेखणीधरांनी ‘प्रतिअष्टक’ लिहिलंय ते तर आधी काढा. अष्टक म्हणजे आठ कडव्यांचं स्तोत्र. वारंवारता दुप्पट होते त्या अंतराला आपल्याकडे सप्तक हा शब्द शतकानुशतकं आहे. पाश्चात्त्य लोक वरचा षड्जही मोजतात म्हणून त्यांचे आठ, आपण तो पुढच्या सप्तकाचा पहिला धरतो म्हणून सात. अंतर तेच. ‘सप्तकाला २४ डेसिबलचा उतार’ हे शंभर टक्के मराठी वाक्य आहे. एकही शब्द घडवावा लागला नाही.

शब्दवेल्हाळ :
‘उतार’ उत्तम. ‘सप्तकामागे’ अधिक बरं वाटतं, माणशी, दर, मागे या चालीने.

उत्तररात्र :
सप्तक ही गाण्यातली वस्तू आहे. तिला जागा आहे, षड्ज आहे. १३,००० पासून २६,००० हर्ट्झपर्यंतच्या अंतराला सप्तक म्हणायचं? तिथे कुणाचाच षड्ज नाही.

काळी पाच :
षड्ज कुठेही लावता येतो, हाच तर आपल्या पद्धतीचा गाभा आहे. पट्टी बदलली की सप्तक सरकतं. तुमच्या १३,००० वर षड्ज मानला की झालं सप्तक.

लेखणीधर :
याच संदर्भात आणखी एक. काही आलेखांत उतार ऑक्टेव्हऐवजी डिकेडने, म्हणजे वारंवारता दहापट होते त्या अंतराने, दिला आहे : सप्तकाला २४ डेसिबल म्हणजे डिकेडला साधारण ८०. इथे ‘दशक’ लिहू का? वाचक दहा वर्षं समजतील का?

मेघना :
एकक, दशक, शतक. दशक आधी आकड्यांतलं, वर्षांचं मागाहून. लिहा.

उत्तररात्र :
एकक-दशकातलं दशक म्हणजे दहाचं स्थान. इथे दहापट हवी आहे. स्थान आणि पट एक नव्हे.

शब्दवेल्हाळ :
‘दशपट’ का नको?

काळी पाच :
दशपट चालली तर सप्तकाला ‘दुप्पट’ म्हणा म्हणाल, आणि ते मी होऊ देणार नाही.