मदत हवी आहे: फराळाच्या सीझनला १६ वर्षांचा मुलगा कामाला ठेवता येईल का?

नमस्कार मंडळी. परळला चाळीच्या तळमजल्यावर माझा फराळाचा छोटा धंदा आहे. चकली, कडबोळी, अनारसे, पातळ पोह्यांचा चिवडा. एरवी मी आणि दोघी बायका मिळून भागतं, पण दसरा झाला की रात्री दहा-दहापर्यंत पॅकिंग चालतं आणि माणूस कमी पडतं.

माझ्याकडे चकल्या पाडणाऱ्या मावशींचा मुलगा १६ पूर्ण आहे, अकरावीला. कॉलेज सकाळचं, साडेबाराला मोकळा. मावशीच म्हणाल्या, "ताई, ह्याला हाताखाली घ्या, नाहीतर दिवसभर मोबाईल घेऊन लोळतो." मुलगा चांगला आहे, हिशेबाला पक्का. पॅकिंग, वजन आणि जमलं तर माझ्या स्कूटरवरून दादर-माहीमच्या डिलिव्हऱ्या, असा विचार आहे. शिवाय माझी १३ वर्षांची भाची दिवाळीच्या सुट्टीत येते, तिला डब्यांवर लेबलं चिकटवायला बसवते. ती घरचीच, म्हणून तिचं काही नसावं असं धरून चालले आहे.

शेजारचा दुकानदार म्हणतो स्टँपपेपरवर आईची सही घे, विषय संपला. आमचे सीए म्हणतात अठराच्या खाली कुणी नकोच. खरं काय?

प्रतिसाद १
ताई, एवढं काय त्यात? आम्ही सातवीत असताना गिरगावात पहाटे पेपर टाकले, त्यातच शाळेची फी निघाली. घ्या बिनधास्त, पोराला वळण लागेल.

प्रतिसाद २
वरच्या दादांच्या पेपरचं कौतुक आहे, पण तो काळ गेला. मी पंधरा वर्षं दुकानांची कामगार खात्याची कागदपत्रं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा दुकानदारही चूक आणि सीएही चूक. बाल व किशोरवयीन कामगार अधिनियम १९८६ चा, २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. मोजके अपवाद सोडले तर १४ च्या आतल्याला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ म्हणजे किशोरवयीन. त्यांना खाणी, स्फोटकं, ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया बंद, बाकी कामं चालतात, पण अटींवर. म्हणजे मावशींच्या मुलाला ठेवता येईल.

आता अटी. सलग तीन तासांच्या वर काम नाही, मग निदान एक तास सुट्टी. सुट्टी आणि ताटकळणं धरून दिवसाचे सहा तास, त्याच्या पुढे नाही. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम अजिबात नाही. ओव्हरटाइम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. त्याच दिवशी दुसरीकडे कामाला जात असेल तर तुमच्याकडे नाही. नाव, जन्मतारीख, कामाच्या आणि सुट्टीच्या वेळा, कामाचं स्वरूप लिहिलेली नोंदवही ठेवायची, आणि ठेवल्यापासून ३० दिवसांत कामगार खात्याच्या निरीक्षकाला लेखी कळवायचं. वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे, तिथे चौकशी करा.

स्टँपपेपरचं सांगायचं तर अज्ञानाशी, म्हणजे अठराच्या आतल्याशी, केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं सर्वांत वरचं कोर्ट) १९०३ सालीच सांगून ठेवलंय. आणि कायद्याने जे बंद आहे ते आईच्या सहीने उघडत नाही.

धागाकर्ती
दादा, मनापासून आभार. पण माझी खरी गर्दी संध्याकाळी सातनंतरच असते! ऑफिसातून सुटलेली माणसं तेव्हाच डबे न्यायला येतात. मुलाला चालत असेल आणि आई तिथेच बसलेली असेल, तरी नाही?

प्रतिसाद २
तरी नाही. आई शेजारी बसली म्हणून घड्याळ थांबत नाही. दुपारी १ ते ४, मग तासभर सुट्टी, मग ५ ते ७, हे बसतं. वजनं, पाकिटं सील करणं, ऑर्डरींची यादी, हे सगळं दुपारी उरकून घ्या. संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हातात डबा द्यायला तुम्ही आणि बायका पुरे. पगार रोख न देता खात्यात द्या, पुरावा राहतो. आणि उकळत्या तेलाच्या कढईजवळ त्याला फिरकू देऊ नका. हे मी कलम म्हणून नाही, बाप म्हणून सांगतोय.

भाचीबद्दल मात्र तुमचा गैरसमज आहे. मुलाने कुटुंबाला मदत करायची सूट कायद्यात आहे, आणि तुम्ही तिची मावशी म्हणून त्या 'कुटुंबा'त बसता, हे बरोबर. पण २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे की ज्यातून घराला किंवा धंद्याला पैसा मिळतो अशा उत्पादनाच्या, पुरवठ्याच्या, विक्रीच्या कुठल्याही टप्प्यावर लहान मुलाची मदत नको. विकायच्या डब्याचं लेबल नेमकं त्यातच येतं. तिला रांगोळी काढू दे, करंजीला मुरड घालू दे, पण ती करंजी घरच्या फराळाची असू दे.

प्रतिसाद ३
स्कूटरचं कुणीच बोललं नाही! ताई, तेवढं तर करूच नका. १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, तुमची स्कूटर त्याहून मोठी असणार. अल्पवयीन मुलगा गाडीवर सापडला तर मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. चार किलो चकलीसाठी त्याची नऊ वर्षं जातील.

प्रतिसाद ४
वयाचा दाखला कोणता घेताय? आधारवर विसंबू नका. सुप्रीम कोर्टाने २०२४ साली एका प्रकरणात आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख धरली. दाखल्याची झेरॉक्स फाइलला लावा. आमच्या भागात एका बेकरीत धाड पडली, मालक म्हणाला "सोळाचा आहे", कागद एकही नाही, आणि डॉक्टरी तपासणीत वय कमी निघालं. १४ च्या आतलं निघालं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र गुन्हा आहे, वॉरंटशिवाय अटक होते.

प्रतिसाद १
बरं, माझे शब्द मागे. पेपर टाकायला पहाटे पाचला निघायचो, म्हणजे तेही बसत नाही.

धागाकर्ती
काल मावशींशी बोलले. दोन ते सातची वेळ ठरली, मधे चार ते पाच चहा आणि पाय मोकळे करायला सुट्टी, शुक्रवारी पूर्ण रजा कारण त्या दिवशी त्याचा क्लास असतो. डिलिव्हरीला ओळखीचा टॅक्सीवाला बघितलाय. मावशींना पोरगा सातला घरी जाणार हे आवडलं, पोराला स्कूटर मिळणार नाही हे अजिबात आवडलं नाही. भाचीला अजून सांगितलेलं नाही, ती रुसणार आहे.

निरीक्षकाला द्यायच्या पत्राचा आणि नोंदवहीचा मराठीतला नमुना कुणाकडे आहे का? व्यनि (खासगी निरोप) करा प्लीज, भाजणी दळायला टाकायच्या आधी कागदाचं काम संपवायचंय.